‘परत पाठवा’ म्हणणाऱ्या काकांना

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘खेड्यातले लोक सोन्यासारखी शेती सोडून, शहराच्या चकचकाटाला भुलून नाशकात येतात. या लोंढ्याने शहराची वाट लावली, गोदावरी नासवली. मुळं तोडून आलेल्यांना परत पाठवा.’ खाली दोन काकांनी हात जोडून ‘अगदी खरं’ लिहिलंय. माझे वडील निफाड तालुक्यातून नाशिकच्या सातपूर भागात कारखान्यात लागले आणि इथल्याच सिडको वसाहतीत स्थिरावले. म्हणजे लोंढ्यातलाच मी.

आधी सोन्यासारखी शेती. 1970-71 मध्ये महाराष्ट्रात एका खात्यावर सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती, 2015-16 च्या कृषिगणनेत ती 1.34 हेक्टरवर आली. आजोबांचं शेत चार भावांत, मग त्यांच्या पोरांत वाटलं गेलं की दुसरं काय होणार? आणि ही झाली सरासरी. नाशिक जिल्ह्याच्या पेठ-सुरगाणा या डोंगरी तालुक्यांत उतारावर भात, नागली, वरई, तेही पावसाच्या भरवशावर. पाऊस तिथे नाशिक शहराच्या दुपटीहून जास्त पडतो, पण नार, पार आणि दमणगंगा या नद्या तो पश्चिमेला गुजरातकडे घेऊन जातात. उन्हाळ्यात त्याच पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन झिऱ्यापाशी ताटकळतात. दिवाळीनंतर शिवारात काम उरत नाही, घरातलं धान्यही किती दिवस पुरणार. त्या भागात बाहेर पडण्याला शब्दच आहे, ‘जगायला जाणं’. चकचकाट कुठून काढलात?

बरं, जगायला जाणारे सगळे शहरात येतात असंही नाही. कित्येकजण दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात. छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, काढणी हे सगळं त्यांच्या हातचं. ही वाट एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात जाते. देशाचंही चित्र असंच आहे. 2011 च्या जनगणनेत सर्वांत मोठं स्थलांतर गावाकडून गावाकडे झालेलं दिसतं आणि कारणांत लग्न सर्वांत वर आहे. स्थलांतरितांचे कोटींतले आकडे टाकून ‘लोंढा’ म्हणताना आपण नांदायला गेलेल्या लेकीही त्यात मोजतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

‘शहर फुगलं.’ फुगलं खरंच. 1991 ला 6,56,925 आणि 2011 ला 14,86,053. पण हे सगळे बाहेरून उतरले असं कोणी ठरवलं? यात इथे जन्मलेली पोरंही आहेत, मी त्यातलाच एक. आले त्यांनाही बोलावणं होतं: सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीला माणसं हवी होती. आणि या आकड्यांच्याही आधी, 1982 मध्ये महापालिका झाली तेव्हा आसपासची गावंही हद्दीत घेतली. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावचे जुने रहिवासी कुठून आले नाहीत, शहरच त्यांच्या बांधावर येऊन बसलं.

गोदावरीचं म्हणाल तर फ्लॅटमधल्या फ्लशचं पाणी कुठे जातं ते एकदा विचारा. नदीला मिळणारे नाले फक्त झोपडपट्टीतून वाहत नाहीत.

आता फॉरवर्ड ज्यावर गप्प आहे ते. या फिरतीची खरी किंमत पोरं मोजतात. पटावर नाव गावच्या शाळेत आणि पोरगं आईबापासोबत द्राक्षबागेच्या कडेला ताडपत्रीखाली. दिवाळी ते उन्हाळा वर्ग बुडतो, मग हळूहळू शाळाच सुटते. मागे गावात म्हातारी माणसं आणि शेळ्या. शहरात येणाऱ्याला भाड्याची खोली परवडत नाही, म्हणून तो नाल्याकाठी पाल ठोकतो. यावर रागवा, मी सोबत आहे. पण मग मागणी आश्रमशाळेची, हंगामी वसतिगृहाची, डोंगरात पाणी अडवण्याची आणि रोजगार हमीच्या वेळेवर मिळणाऱ्या मजुरीची हवी. ‘परत पाठवा’ कसं दिसतं ते 2020 च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गावर पाहिलंय, डोक्यावर बोचकं आणि कडेवर लेकरू. पुन्हा बघायची हौस नाही.

राहिलं ‘मुळं तोडून आले’. गेल्या होळीला आमच्या इमारतीच्या गच्चीचं काम अचानक थांबलं. याच दोन काकांनी ठेकेदाराला फोन लावून चांगलं झापलं. तो म्हणाला, “काका, पेठची माणसं आहेत, शिमग्याला गावीच जाणार. सण झाला की येतील.”