कंदिलातला पांढरा दिवा का पेटला नाही

नमस्कार ताई,

कागदी कंदिलाच्या कार्यशाळेबद्दल तुम्ही लिहिलंत की सहाशे रुपये भरूनही मुलाच्या कंदिलातला पांढरा दिवा पेटला नाही, शिकवणाऱ्या ताईंनी शेजारी बसूनही तो लावून दिला नाही, आणि सेल मुलाला न देता तुमच्या हातात दिला. तुमचा मुलगा मला चांगला आठवतो, म्हणून सविस्तर लिहिते.

त्याला कंदिलाच्या पोटात लाल आणि शेपट्यांपाशी पांढरा एलईडी हवा होता, दोन्ही एकाच सेलवर. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास लागतात. दोन्ही कॉपर टेपच्या (वीज वाहणाऱ्या तांब्याच्या चिकटपट्टीच्या) त्याच दोन पट्ट्यांवर बसवले की लाल पेटतो आणि व्होल्टेज दोनच्या जवळ उतरवतो, मग पांढऱ्याला पुरत नाही. दिवा खराब नव्हता.

हे शोधताना मुलाने आधी पांढऱ्याचे पाय उलटे करून पाहिले. मग टेपचे कोपरे दाबून पाहिले. (कॉपर टेप कोपऱ्यावर कापून जोडली तर गोंद मध्ये येऊन संपर्क तुटू शकतो, म्हणून आम्ही ती दुमडायला शिकवतो. त्याने अगदी नीट दुमडली होती.) शेवटी त्याने लाल दिव्याचा एक पाय उचलला आणि पांढरा लख्ख पेटला. पाय टेकवला की विझला. शेजारच्या मुलीला बोलावून त्याने पुन्हा पुन्हा करून दाखवलं. ताईंनी मध्ये हात घातला असता तर हे त्याला सापडलं नसतं. पुढे काय तपासायचं ते आम्ही सांगतो, पण मुलाच्या कामाला हात लावत नाही. हा नियम मी बदलणार नाही.

सामान महागाचं नसतं, हे तुमचं बरोबर आहे. पैसे माणसांचे आहेत. पाच मुलांमागे एक ताई असल्याशिवाय मुलांना असा वेळ देता येत नाही.

सेलबाबत मात्र मी फार कडक आहे. कंदिलातला सीआर २०३२ हा नाण्यासारखा चपटा सेल गोळीसारखा चकचकीत दिसतो. लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. तुमच्यासोबत धाकटी मुलगी होती, म्हणून तो तुमच्याच हातात दिला. वापरून संपलेला सेलही धोक्याचा असतो. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून उंचावर ठेवा. कधी गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या.

पांढऱ्या दिव्याला स्वतःचा सेल आणि वेगळ्या पट्ट्या दिल्या की दोन्ही रंग एकत्र पेटतील. कंदिलाच्या मागच्या बाजूला तेवढी जागा आहे. शनिवारी दुपारी त्याला घेऊन या, सामान मी काढून ठेवते. वेगळं शुल्क नाही. पट्ट्या तोच चिकटवेल.