चाकणवासींच्या प्रतिक्रियेला उत्तर : जाळीतलं रोप

चाकणवासी यांस सप्रेम नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया शुक्रवारी रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहिलं नाही, ते बरं झालं. टेकडीवरच्या रिकाम्या जाळ्यांवरचा माझा लेख तुम्हाला झोंबला, हे स्पष्ट दिसतंय. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी कायद्यानं समाजकार्यावर करायच्या खर्चाच्या पैशातून टेकडीवर रोपं लावली, भोवती पाटीवाल्या जाळ्या बसवल्या आणि बहुतेक रोपं वाळून गेली, अशा जाळ्यांच्या एका ओळीवर तो लेख होता. तुम्ही एका कंपनीत सीएसआरचं काम बघता, आणि तुमचं म्हणणं असं. पुण्यात बसून नावं ठेवणं सोपं आहे. कंपन्या निदान पैसे तरी देतात. कायदाच 31 मार्चच्या आत खर्च करायला लावतो. रोपांना पाणी घालणारा माणूस ठेवावा, तर व्यवस्थापनाला 5 टक्क्यांची मर्यादा. शिवाय 'टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांनी कधी बाटलीभर पाणी नेलं का?'

आधी माझी चूक. 'वर करही वाचवतात' असं मी लेखात ठोकून दिलं होतं. तुम्ही तिथे पकडलंत ते योग्यच. 2014 च्या अर्थसंकल्पापासून सीएसआरचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा करता येत नाही. काही देणग्यांना वेगळी सवलत मिळू शकते, पण माझं वाक्य सरसकट होतं, म्हणजे चुकीचंच. ते वाक्य काढलं आहे.

पाण्याचं म्हणाल तर नेतो. पाच लिटरचा कॅन, फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत दर रविवारी. आमच्या ग्रुपमधले आठ-दहा जण नेतात. यात मोठेपणा काही नाही, पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक टेकडीवर असे कॅनवाले भेटतील. (कॅन पायथ्याशी पाच लिटरचा असतो. वर पोचेपर्यंत तो दहा लिटरचा वाटतो, हे फक्त चढणाऱ्यालाच कळतं.) त्यामुळेच त्या ओळीतल्या 40 जाळ्या मला तोंडपाठ आहेत. त्यातली 11 रोपं जगली. ती पाण्यानं जगली की नशिबानं, ते सांगता येणार नाही.

लेखात एक गोष्ट लिहायची राहिली होती. मे महिन्यात एका जाळीत हात घालून माती उकरली. रोप वाळून काटकी झालेलं, आणि खाली नर्सरीची काळी पिशवी जशीच्या तशी. रोप पिशवीसकट पुरलं होतं. मुळं आतल्या आत गोल गोल फिरून दोरखंडासारखी झाली होती. खड्डा जेमतेम वीतभर, खाली मुरूम. जाळीवरची पाटी मात्र चार स्क्रूंनी पक्की बसवलेली. आता सांगा, यात 31 मार्चचा काय दोष?

कायद्याचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. कंपनी कायद्याचं कलम 135 लागू झालं 1 एप्रिल 2014 ला : आधीच्या वर्षी निव्वळ नफा 5 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा नक्त मत्ता (नेट वर्थ) 500 कोटी असलेल्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करायचे. बरोबर. पण 2021 पासून 'चालू प्रकल्प' अशी सोय आहे. संचालक मंडळानं प्रकल्प तसा ठरवला, तर उरलेले पैसे 30 एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात टाकायचे आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करायचे. तीन वर्षं, म्हणजे तीन उन्हाळे. रोपाला नेमकं तेवढंच लागतं. आणि ती 5 टक्क्यांची मर्यादा तुमच्या ऑफिसातल्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभाराला आहे. पाणी घालणाऱ्या माणसाची मजुरी हा प्रकल्पाचाच खर्च, तो त्यात मोजत नाहीत. पुढच्या वेळी झाडं लावणाऱ्या संस्थेचा प्रस्ताव येईल तेव्हा त्यात टँकर आणि मजुरी तीन वर्षांची आहे का, एवढं बघा. नसेल तर फाडून टाका.

तुम्ही लिहिलंय की एचआर सांभाळून सीएसआरही तुमच्याच गळ्यात आहे. यावर मी हसणार नाही, खरंच. द्यायची रक्कम 50 लाखांच्या आत असेल तर वेगळी समितीही सक्तीची नाही. त्यामुळे लहान कंपन्यांत हे काम अनेकदा एकाच माणसाच्या टेबलावर येऊन पडतं, तेही फेब्रुवारीत. कामाचा परिणाम त्रयस्थाकडून तपासून घेण्याचं बंधनही वर्षाला सरासरी 10 कोटी वा त्याहून जास्त सीएसआर असलेल्यांनाच. तुमच्या 40 जाळ्या मोजायला सरकारी माणूस येणार नाही. माझ्यासारखे रिकामटेकडेच येणार.

'टेकडीवर झाड जगतच नाही' हे तुमचं वाक्य मात्र मान्य नाही. सालई, मेडशिंग, गणेर, खैर ही याच मुरमातली झाडं आहेत. त्या ओळीत लावलं होतं काय, तर गुलमोहर आणि पिंपळ.

आता माझा मूळ मुद्दा, ज्याला तुम्ही हातच लावला नाहीत. सीएसआरच्या नियमात कंपनीचा नेहमीचा धंदा धरतच नाहीत. म्हणजे कारखान्याचं सांडपाणी कुठे जातं, कंत्राटी कामगाराला काय मिळतं, पाकीट कशाचं बनवलं, हे सगळं त्या 2 टक्क्यांच्या बाहेर. उरलेल्या 98 बद्दल बोललं की लोक म्हणतात, 'अहो, पण झाडं लावली ना!'

आमच्या सोसायटीत कचरा न्यायला 'स्वच्छ'च्या ताई येतात. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, महापालिकेबरोबर 2008 पासून काम करते. तिची मुळं 1993 च्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत आहेत. ताई गोणी उपसताना बाटली एकीकडे, पुठ्ठा एकीकडे करतात आणि वेफर्सचं चकचकीत पाकीट तिसऱ्याच ढिगात भिरकावतात. "याला भंगारवाला हात लावत नाय. उचलायचं आमी, पैसा शून्य." मग हे पाकीट परत गोळा करणं कुणाचं काम? तुम्ही तुमच्या प्लॅस्टिक संकलन मोहिमेला 'आमचं समाजकार्य' म्हटलंत. प्लॅस्टिकच्या वेष्टनात माल विकणाऱ्या कंपनीवर ती जबाबदारी 2016 च्या नियमांनीच टाकली आणि 2022 मध्ये तिची वर्षावार उद्दिष्टंही ठरवून दिली. स्वतःचा सांडलेला चहा पुसला म्हणून कुणी सत्कार करून घेत नाही. तुमची कंपनी तशी वेष्टनं बाजारात आणत नसेल आणि दुसऱ्यांची गोळा करत असेल, तर मी हे शब्द मागे घेतो. तसं कळवा.

धंद्याचा हिशोब विचारणारी सोयही आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं, बाजारात नोंदलेल्या कंपन्यांपैकी बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून पाणी, वीज, कचरा, कामगार यांचा तपशील देणं सक्तीचं केलंय. सुटे भाग बनवणाऱ्या तुमच्यासारख्या छोट्या कंपनीला तो द्यावा लागत नसेल. पण ज्या मोठ्या गाडीवाल्यांना तुम्ही माल देता, ते आज ना उद्या विचारतीलच. तेव्हा जाळ्यांचे फोटो पुरणार नाहीत.

फोटोवरून आठवलं. लेखातला जाळ्यांचा फोटो काढून टाका, असं तुम्ही म्हटलंय. पाटीवरचं नाव मी आधीच पुसलेलं आहे, फोटो राहील. आणि त्यातल्या डावीकडून तिसऱ्या जाळीत जे हिरवंगार दिसतं, ज्याच्या जोरावर तुम्ही मला खोटं ठरवलंत, ते रोप नाही. गाजरगवत आहे. फोटोखाली तशी ओळ टाकली आहे.