टेलगट बदलला की आवाज दुप्पट? बघू की

व्हायोलिनवाल्यांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज गेल्या दोन महिन्यांत मला अकरा जणांनी पाठवलाय. त्यातले दोघे तर व्हायोलिन वाजवतही नाहीत. मेसेजचा मथितार्थ असा: व्हायोलिनचा आवाज दबतो तो टेलपीस (खालच्या टोकाला तारा अडकवायचा भाग) बांधलेल्या नायलॉनच्या दोरीमुळे, म्हणजे टेलगटमुळे. ती काढून स्टीलची ॲडजस्टेबल दोरी घाला, आवाज दुप्पट. ब्रिज (तारांखालची लाकडी घोडी) ते टेलपीस अंतर बरोबर ५५ मिलिमीटर ठेवा. पुढे वाटेल तेव्हा नट फिरवून टोन जुळवा. सोलापूरच्या उन्हात नायलॉन वितळतं, स्टील जन्मभर टिकतं. घरच्या घरी पाच मिनिटांचं काम, पक्कड असली की झालं.

मी घरीच व्हायोलिनची किरकोळ दुरुस्ती करतो. या मेसेजमुळे माझ्याकडची कामं वाढली आहेत, म्हणजे खरं तर मी गप्प बसायला हवं होतं.

आधी वस्तू कुठली ते सांगतो. तारांचं खालचं टोक टेलपीसमध्ये अडकतं आणि टेलपीसला खालच्या बटणाशी बांधून ठेवणारा जो फास असतो तो टेलगट. पूर्वी खरोखर मेंढीच्या आतड्याचा असायचा, नाव तिथूनच आलं (इंग्रजीत गट म्हणजे आतडं). आताचा नेहमीचा म्हणजे जाड नायलॉन, दोन्ही टोकांना आटे आणि त्यावर छोटे पितळी नट. बाजारात त्याला ‘सॅकोनी’ म्हणतात. सिमोने सॅकोनी (१८९५–१९७३) हा रोमचा कारागीर पुढे न्यूयॉर्कला वुर्लिट्झरच्या व्हायोलिनच्या दुकानात काम करायचा, त्याच्यावरून हे नाव. पाश्चात्त्य सुरात लावलेल्या चार तारांचा मिळून ताण वीस-बावीस किलोच्या घरात जातो. आपण सूर उतरवून लावतो म्हणून थोडा कमी. तो सगळा ताण या फासाच्या दोन पायांवर येतो.

आता ‘दुप्पट’. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण दहा डेसिबलची वाढ लागते, म्हणजे ऊर्जा दहापट. एक दोरी बदलून ती कुठून येणार? टेलगटचा काहीच परिणाम होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. टेलपीस तारांबरोबर हलतो, डुलतो. तो किती मोकळा डुलतो हे त्याच्या वजनावर आणि टेलगटच्या लांबीवर ठरतं. एखादा सूर गुरगुरत असेल तर कधीकधी तेवढ्यानं तो सुधारतो. पण लोकांना जो मोठा फरक ऐकू येतो त्याचं कारण वेगळंच असतं. टेलगट बदलायचा म्हणजे सगळ्या तारा सैल कराव्या लागतात. मग हात लागलाच आहे म्हणून तारा नव्या घालतात, वाकलेला ब्रिज सरळ करतात, अंतर नीट लावतात. आणि श्रेय सगळं स्टीलला! मी स्वतःच्या व्हायोलिनवर तारा त्याच ठेवून, लांबी तीच ठेवून, नायलॉन काढून केव्लार (न लांबणारा कृत्रिम धागा) घातला. माझ्या कानाला उचल किंचित स्वच्छ वाटली. आतल्या खोलीतून बायकोला विचारलं, फरक कळला का? ती म्हणाली, जेवायला बसणार आहात का.

५५ मिलिमीटरचं खूळ सगळ्यात चिवट आहे, कारण ते अर्धं खरं आहे. नियम असा की ब्रिजच्या मागचा तुकडा हा ब्रिज ते वरच्या नटपर्यंतच्या (हा पितळी नट नव्हे, खुंट्यांपाशी तारा जिच्यावर टेकतात ती आडवी कड) तारेच्या सहाव्या हिश्श्याएवढा असावा. पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर ती तार ३२७-३२८ मिलिमीटर असते, म्हणून उत्तर ५५ च्या आसपास येतं. तीन-चतुर्थांश व्हायोलिनवर तार ३०९ भरली तर सहावा हिस्सा साडेएक्कावन्न. मेसेज वाचून त्या लहान व्हायोलिनवरही ५५ करायला गेलं की टेलपीस मागे ओढावा लागतो आणि त्याचं टोक सॅडलवर चढतं. सॅडल म्हणजे काठावरची ती काळी लाकडी पट्टी, जिच्यावरून टेलगट वळतो. टेलपीसचं टोक साधारण तिच्या रेषेत यावं, वर बसू नये.

मोजपट्टी नसेल तर कानानं बघा की. तार षड्जात लावलेली असेल तर ब्रिजमागचा तुकडा छेडल्यावर दोन सप्तकं वरचा पंचम यायला हवा. गाणं शिकलेल्या कुठल्याही पोराला हे मापापेक्षा लवकर कळतं.

इथे आपल्याकडची एक वेगळी अडचण आहे, तिचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. आपल्याला मांडी घालून, तंबोऱ्याशी सूर मिळवत बसायचं असतं, म्हणून चारही तारांना फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचे टेलपीसवरचे स्क्रू) लागतात. लाकडी टेलपीसवर वरून चार ट्यूनर बसवले की तार ट्यूनरपाशीच संपते आणि मागचा तुकडा तेवढा आखूड होतो. वर धातूचं वजन. मग लोक टेलगट आखडून टेलपीस मागे खेचतात आणि तरी माप जमत नाही. यावर इलाज टेलगटचा नाही, ट्यूनर अंगातच असलेल्या हलक्या टेलपीसचा आहे. जर्मनीच्या विटनरच्या अशा टेलपीसबरोबर ॲडजस्टेबल टेलगट लावूनच येतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही.

‘वाटेल तेव्हा नट फिरवून टोन जुळवा.’ या एका ओळीनं काय होतं ते मागच्या रविवारी माझ्या टेबलावर पडलं होतं. आठवीतल्या एका मुलीचं व्हायोलिन, वडील घेऊन आलेले. स्टीलचा टेलगट, एका बाजूचा नट दुसऱ्यापेक्षा बराच आत गेलेला, म्हणून टेलपीस एका कुशीवर कललेला. आट्यांची जास्तीची टोकं कापलेली नव्हती. त्यातलं एक खाली पोटाच्या, म्हणजे व्हायोलिनच्या वरच्या फळीच्या लाकडाला टेकत होतं, खर्जाची तार ओढली की झ्झ्झ. सॅडल एबनीचं (कठीण काळ्या लाकडाचं) नव्हतंच, मऊ लाकूड काळं रंगवलेलं, आणि केबलनं त्यात दोन खाचा पाडल्या होत्या. ताणात असताना नट पकडीनं फिरवल्यामुळे आटेही चावलेले. ॲडजस्टेबल याचा अर्थ बसवतानाच लांबी नेमकी ठरवता येते, गाठ मारून अंदाज बांधावा लागत नाही, एवढाच. तो रेडिओचा कान नाही. नट फिरवायचा तर आधी तारा सैल करायच्या, दोन्ही बाजूंना सारखे वेढे द्यायचे, परत ताण द्यायचा, मोजायचं.

उन्हाचं. नायलॉन वितळायला दोनशेच्या वर अंश लागतात. आपला मे महिना ४३-४४ वर जातो, बंद गाडीत त्याहून वर, तरी वितळण्याशी त्याचा संबंध नाही. पण उन्हात आणि दमटपणात नायलॉन ताणाखाली हळूहळू लांबतं, हे खरं. लांबलं की टेलपीस ब्रिजकडे सरकतो. नवा नायलॉन मी ५५ वर लावला तर पंधरा दिवसांत ५३ झालेला मी पाहिलाय. म्हणून सुरुवातीला एखादा मिलिमीटर जास्त ठेवायचा आणि महिन्यानं परत मोजायचं. आमच्या शेजारी आयुष्य यंत्रमागावर काढलेले एक काका आहेत, त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, सूत पहिल्या दिवशी ताणलं की दुसऱ्या दिवशी सैल असतंच की, यात नवीन काय? (उन्हात गाडीत व्हायोलिन ठेवू नका हे वेगळं सांगायला नको. टेलगटच्या आधी लाकूड चिकटवलेला सरस सुटेल.)

स्टील लांबत नाही, मान्य. पण जन्मभर? छातीशी धरून वाजवताना घाम नेमका त्या टोकाला लागतो, आणि सॅडल मऊ असेल तर केबल आधी त्यालाच खाते. न लांबणारं हवं तर केव्लार बरा. पातळ, हलका, पण गाठ नीट बसवावी लागते आणि उन्हात उघडा राहिला तर तोही कमकुवत होतो. शिकणाऱ्या मुलाला मी अजून चांगल्या प्रतीचा नायलॉनच सुचवतो. स्वस्त, लाकडाला सांभाळून घेणारा, आणि बिघडला तर काय बिघडलं ते लगेच दिसतं.

राहिली ती पाच मिनिटं. चारही तारा एकदम सोडल्या की ब्रिज पडतो, आणि आतला साउंडपोस्ट (दोन फळ्यांमध्ये नुसती दाबून उभी असलेली लाकडी काडी) सैल बसलेला असेल तर तोही पडतो. तो परत उभा करणं पकडीचं काम नाही. व्हायोलिन जाड सोलापुरी टॉवेलवर पाठीवर निजवा, टेलपीसखाली दुमडलेला रुमाल सरकवा म्हणजे ट्यूनर पोटावर आपटणार नाहीत. ब्रिजच्या पायांची जागा मऊ पेन्सिलीनं खुणावा. जुना टेलगट फेकू नका, त्याच्याच मापानं नवा आधी जुळवा. तारा थोड्या-थोड्या, आळीपाळीनं ताणा आणि प्रत्येक वेळी ब्रिज मागेपुढे झुकत नाही ना ते बघा. शेवटी आट्यांची जास्तीची टोकं नटाबाहेर जराशी सोडून कापा. मला यातलं काहीही पाऊण तासाच्या आत जमत नाही.

त्या मुलीला सॅडल नवं एबनीचं बसवलं, टेलगट नायलॉनचा. वडिलांनी विचारलं, आवाज वाढला का? म्हटलं, नाही, झ्झ्झ गेलं. महिन्यानं मोजपट्टी घेऊन या.