‘कायमचा दात’ आणि आत्तेची दाढ

गोव्यातल्या साखळी गावच्या आतेभावाने परवा घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. तुमच्याकडेही पोचला असेल: ‘कवळी विसरा! इम्प्लांट म्हणजे कायमचा दात. एका दिवसात बसतो, किडत नाही म्हणून जपावा लागत नाही, आजन्म गॅरंटी. मात्र साठीनंतर करू नये, आणि वरची दाढ काढली तर नजर जाते.’ आत्तेची वरची दाढ काढून तिथे इम्प्लांट बसवायचे घाटते आहे, म्हणून हा खटाटोप. मी तीन वर्षांपूर्वी खालची दाढ बसवून घेतली आहे, त्यामुळे गप्प राहवेना.

आधी ‘कायमचा’. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला स्क्रू, बहुधा टायटॅनियमचा. त्यावर जोडाचा तुकडा आणि सगळ्यात वर कॅप. स्वीडनचे संशोधक ब्रोनमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडावर प्रयोग करत होते. आत बसवलेले टायटॅनियम काढायला गेले, तर हाडाने ते असे धरले होते की निघेना. १९६५ मध्ये त्यांनी ज्या पहिल्या रुग्णाला स्क्रू बसवले, त्याला ते चाळीस वर्षे, मरेपर्यंत पुरले. तेव्हा स्क्रूपुरते ‘कायमचा’ म्हणणे अगदीच खोटे नाही. कॅपचे तसे नाही. ती झिजते, तिचा टवका उडतो, दहा-पंधरा वर्षांत बदलावी लागली तर नवल नाही.

गेल्या चवथीच्या तोंडावर माझी कॅप हलू लागली. पैसे बुडाले असेच वाटले. डॉक्टरांनी कॅपवरचे भोक उघडले, तर आत नळाला गुंडाळतात तसली पांढरी टेप! तिच्याखालचा बारीक स्क्रू तेवढा सैल झाला होता. तो बेताचा जोर लावणाऱ्या पान्याने आवळला, पुन्हा टेप, वर सिमेंट. वीस मिनिटांचे काम. पण पहिला प्रश्न होता, ‘कंपनी कुठली?’ प्रत्येक कंपनीचा स्क्रू वेगळा, त्याला लागणारा पेचकसही वेगळा. नशिबाने इम्प्लांटची कंपनी लिहिलेले कार्ड कपाटात सापडले. आणि ‘आजन्म गॅरंटी’? कंपनी देते ती बहुधा तिच्या सुट्या भागाची, तुमच्या हाडाची किंवा हिरडीची नव्हे.

‘एका दिवसात’ म्हणजे काय? हाड मजबूत असेल तर त्याच दिवशी तात्पुरती कॅप चढवतात, हे खरे. पण हाडाला स्क्रू पक्का धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, वरच्या जबड्यात जरा जास्तच. सुट्टीला गोव्यात येऊन दात बसवणारे परदेशी पाहुणे पुष्कळदा दोन फेऱ्या करतात, त्या याचसाठी.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे ‘जपावा लागत नाही’. धातू किडत नाही, कबूल. पण भोवतालची हिरडी सुजते आणि हळूहळू हाड झिजते. इम्प्लांटला नस नसते, म्हणून ठणका लागत नाही. कळते तेव्हा बरेच हाड गेलेले असते. विडी-सिगरेट ओढणारे आणि साखर आटोक्यात नसलेले यांना धोका जास्त. मी रोज रात्री कॅपच्या कडेने बारीक ब्रश फिरवतो. जत्रेतले खाजे मात्र सोडलेले नाही, दुसऱ्या बाजूने चावतो.

साठीचा नियम उलटाच आहे. जबड्याची वाढ पूर्ण व्हायच्या आत, म्हणजे कोवळ्या वयात, इम्प्लांट टाळतात. म्हातारपण ही आडकाठी नव्हे. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा रक्त पातळ व्हावे म्हणून गोळ्या चालू असतील, तर त्या आधी सांगायच्या. दुसरे मत हवे असेल तर बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय आहेच.

आणि नजर! दातांची नस वेगळी, जिच्यामुळे डोळ्याला दिसते ती नस वेगळी. वरच्या दाढांची मुळे नाकाशेजारच्या पोकळीजवळ असतात, म्हणून तिथे हाड कमी पडले तर भर घालावी लागते, एवढेच. दाढा पडायच्या वयातच मोतीबिंदूही पिकतो, आणि दोष दाढेवर जातो. आत्तेला मोतीबिंदूच होता. त्याचे ऑपरेशन झाले, आता ती सुईत दोरा स्वतः ओवते. दाढ अजून काढलेलीसुद्धा नाही.