दुधाच्या खोक्यावरची रहस्यकथा

आमच्या गावाकडच्या वाचणाऱ्या मंडळींमध्ये परवा परत तोच वाद झाला, रहस्यकथा म्हणजे साहित्य की नुसता टाइमपास. मी इकडे नॉर्वेत, ओस्लोमधून तो वाद वाचत होतो आणि खरंच वाईट वाटलं, कारण इथे आत्ता ईस्टर आलाय आणि अख्खा देश खुनाच्या गोष्टी वाचतोय.

नॉर्वेत याला पोस्केक्रिम म्हणतात, ईस्टरची क्राइम. १९२३ साली ईस्टरच्या आधी आफ्तनपोस्तन पेपरच्या पहिल्या पानावर 'काल रात्री बर्गनची ट्रेन लुटली' असं छापून आलं, लोकांना ती बातमीच वाटली, पण ती होती एका नव्या कादंबरीची जाहिरात! तेव्हापासून ही प्रथा पडली. गुरुवारपासून सोमवारपर्यंत दुकानं बहुतेक बंद, लोक डोंगरातल्या केबिनमध्ये जातात, सोबत संत्री, चॉकलेट आणि एकतरी क्राइम नॉवेल. प्रोफेसरही वाचतात, सुतारही वाचतो, लाजत कोणीच नाही.

आमच्याकडे मामा बाबुराव अर्नाळकरांचं पुस्तक उशीखाली ठेवायचा, आजोबा आले की वर पाठ्यपुस्तक. ज्या माणसाने हजाराच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड हे नायक घराघरात नेले, त्याला लपवून वाचायचं? मला हे तेव्हाही पटलं नव्हतं.

लोक म्हणतात वाचकाला रक्त आवडतं. मला नाही वाटत. रक्त पहिल्या दहा पानांत संपतं की, पुढची दोनशे पानं आपण का वाचतो? कारण लेखकाने आपल्याला कामाला लावलेलं असतं. ओली छत्री, न भुंकलेला कुत्रा, चहाचा तिसरा कप, सगळं आपल्या डोळ्यासमोर ठेवलेलं असतं आणि तरी आपण चुकतो, मग मागची पानं उलटून बघतो तर काय, ते तिथेच होतं! ही मजा मला दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात इतकी मिळत नाही. वाचकाला हुशार समजणारं लिखाण हलकं कसं काय?

इथे ईस्टरला टीने कंपनीच्या दुधाच्या खोक्यावरही छोटी चित्ररूप रहस्यकथा छापतात. काल ब्रेकफास्टला मुलगी तीच वाचत बसली, दूध तसंच राहिलं. आई साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर होती, तिला मी मराठीत सांगत गेलो. भाजी निवडता निवडता ती एकदम थांबली आणि म्हणाली, "अरे पण दार आतून बंद होतं ना, मग किल्ली कुणाच्या खिशात होती ते परत वाच बघू."