पास परवडतो का, आणि गाडी आलीच नाही तर? : एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची तक्रार आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. मुलगी पाटण रस्त्यावरच्या गावातून कराडला विद्यानगरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला जाते. कॉलेजला एसटीने जावं, असं सांगणारा आमचा लेख वाचून तुम्ही तिचा एसटीचा महिन्याचा पास काढला. सकाळची गाडी आठवड्यात एखाद-दुसऱ्या दिवशी येतच नाही, मग वडापचे, म्हणजे खाजगी जीपचे, पैसे वेगळे जातात आणि प्रॅक्टिकल बुडतं ते बुडतंच. आगारात अर्ज दिला, काही झालं नाही. म्हणून तुमचं म्हणणं असं की पास परवडत नाही, एसटीचा सल्ला कागदावर बरा आहे, त्यापेक्षा मुलीला स्कूटी घेऊन द्यावी.

पासाचा मुद्दा आधी घेऊ, कारण तिथे तुमचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे.

एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं. एक टप्पा 6 किलोमीटरचा. 25 जानेवारी 2025 पासूनच्या दरात साध्या गाडीचा टप्पा 10.05 रुपयांना पडतो. गाव ते कराड स्टँड 22 किलोमीटर धरले तर चार टप्पे, म्हणजे एका बाजूचे साधारण 40 रुपये, जाऊन-येऊन 80. तीस दिवसांचे झाले 2,400 च्या आसपास. विद्यार्थी पासाला 66.67 टक्के सवलत, म्हणजे एक तृतीयांश भरायचे : सुमारे 800. मुलाने महिन्यात दहा दिवस प्रवास केला की त्याचा पास वसूल होतो, पुढचे सगळे दिवस फुकट.

मुलींचा हिशेब मात्र 17 मार्च 2023 नंतर बदलला. महिलांना तिकिटावर सरसकट 50 टक्के सवलत आहे, त्यामुळे तुमच्या मुलीला पास नसताना दिवसाला 80 नव्हे, 40 रुपयेच लागतात. तिचा पास वसूल व्हायला वीस दिवस प्रवास व्हावा लागतो. पंचवीस दिवस कॉलेज भरणाऱ्या महिन्यात पास घ्यावा. दिवाळीची सुट्टी, परीक्षेआधीची अभ्यासाची रजा किंवा सणवार ज्या महिन्यात आहेत, त्या महिन्यात पास काढू नये, अर्धं तिकीट घ्यावं. आठवड्याला दोन गाड्या चुकत असतील तर साध्या महिन्यातही काठावरचंच गणित आहे. खिडकीवर सांगतील त्या पासाच्या रकमेला रोजच्या जाण्यायेण्याच्या अर्ध्या भाड्याने भागा. उत्तर त्या महिन्यातल्या कॉलेजच्या दिवसांपेक्षा कमी आलं तरच पैसे भरा. धाकटी मुलगी अकरावी-बारावीत असेल तर हा प्रश्नच नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे.

पासावर शेवटचा थांबा काय लिहिलाय, तेही आजच बघा. विद्यानगर कृष्णा नदीच्या पलीकडे आहे, स्टँड अलीकडे. विट्याकडून, ओगलेवाडीकडून येणारी मुलं स्टँडच्या आधीच उतरतात. पाटणकडून येणाऱ्यांना स्टँडवर उतरून विटा किंवा ओगलेवाडीकडची साधी गाडी धरावी लागते. पासावर ‘कराड’ असेल तर पुलापलीकडे तो चालत नाही. वाहक तिकीट मागणारच आणि त्यात त्याची चूक नाही. हा एक टप्पा अर्ध्या दरात पाचएक रुपयांचा आहे, पण महिन्याच्या हिशेबात तो धरलेला नसतो म्हणून पास महाग वाटतो. जलद गाडीत चढताना ती कॉलेजसमोर थांबते का, हेही आधी विचारावं.

आता गाडी न येण्याबद्दल. सकाळी लवकरची गावाकडची फेरी बहुतेक वेळा मुक्कामी गाडीची असते. ती आदल्या संध्याकाळी गावात येते, रात्री थांबते आणि पहाटे निघते. म्हणून सकाळची गाडी रद्द होण्याचं कारण पुष्कळदा आदल्या दिवशीच घडलेलं असतं : संध्याकाळी गाडी वाटेत बिघडली, किंवा चालक-वाहक कमी म्हणून मुक्कामाची फेरी सुटलीच नाही. रात्री गाडी गावात आली नाही, हे आठ-नऊ वाजताच कळतं. मुक्कामाच्या गावातल्या एका मुलाने तेवढा निरोप पुढच्या गावांच्या ग्रुपवर टाकला, तर सकाळी थांब्यावर तासभर उभं राहावं लागत नाही; आधीची गाडी धरता येते किंवा चौघींनी मिळून वडाप ठरवता येतं. सध्याच्या स्थितीत मुलांच्या हातात असलेला हा सगळ्यात उपयोगी उपाय आहे.

काही दिवस तर आधीच ठाऊक असतात. आषाढीला पंढरपूरसाठी एसटी पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या सोडते. त्या आगारांमधूनच जातात आणि खेड्यातल्या फेऱ्यांवर गदा येते. नेमकं तेव्हाच कॉलेजचं वर्ष सुरू होत असतं. निवडणुकीचंही तसंच. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात, तेव्हा त्याच गाडीला दहा-पंधरा मिनिटं जास्त धरा. प्रॅक्टिकलच्या दिवशी आधीची गाडी, लेक्चरच्या दिवशी नेहमीची, असं वेळापत्रक घरात लिहून लावलं तरी बुडणारे तास कमी होतात.

अर्जाबद्दल तुम्ही लिहिलंय ‘काही उपयोग नाही’. तुम्ही अर्जाचा मजकूर खाली दिला आहे : ‘गाड्या वेळेवर सोडाव्यात व फेऱ्या वाढवाव्यात’. अशा अर्जावर आगार व्यवस्थापकाला काही करता येत नाही, कारण त्यात फेरीच नाही. फेरी कोणत्या आगाराची, हे पहिलं बघा. आगाराचं नाव गाडीवर लिहिलेलं असतं. पाटण आणि कराड ही दोन्ही आगारं सातारा विभागात आहेत, विटा आगार सांगली विभागात. पाटणच्या गाडीची तक्रार कराडला दिली तर ती तिथेच पडून राहते.

अर्जात फेरीचं नाव आणि सुटण्याची वेळ लिहा. सलग दोन आठवड्यांची तारीखवार नोंद जोडा : ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, आली की नाही, किती विद्यार्थी चढले, त्यांतले पासधारक किती. पासधारकांचा आकडा फार महत्त्वाचा आहे. त्यांचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला खिडकीवर जमा झालेले असतात, त्या फेरीच्या रोख उत्पन्नात ते दिसत नाहीत; गच्च भरलेली कॉलेजची गाडी हिशेबात रिकामी दिसू शकते. प्राचार्यांचं पत्र कॉलेजच्या वेळेसह, ग्रामपंचायतीचा ठराव, एक प्रत विभाग नियंत्रकांना, आणि आपल्या प्रतीवर शिक्क्याची पोच. तोंडी सांगून परत येऊ नका.

मागणीही नेमकी हवी. नव्या फेरीला गाडी लागते, चालक-वाहक लागतात. आहे ती फेरी वीस मिनिटं अलीकडे घ्यायला यातलं काही लागत नाही, फक्त त्याच गाडीच्या पुढच्या फेऱ्या जुळवाव्या लागतात. म्हणून आधी वेळबदल मागा. कॉलेजकडेही मागणी करा. शेवटची सोयीची गाडी सव्वापाचला असताना प्रॅक्टिकल साडेपाचला संपवणं हा एसटीचा दोष नाही, आणि गावाकडच्या मुलींची बॅच सकाळी लावणं विभागप्रमुखांना सहज शक्य असतं. जून 2024 पासून एसटीने पास थेट शाळा-कॉलेजात द्यायला सुरुवात केली. त्यासाठी कॉलेज आगाराला विद्यार्थ्यांची यादी देतं. त्याच यादीत गाव आणि गाडीची वेळ असे दोन रकाने वाढवले, तर अर्जाचा अर्धा पुरावा आयता तयार होतो.

स्कूटीचं म्हणाल तर रोजचे 44 किलोमीटर, म्हणजे दिवसाला लिटरभर पेट्रोल, महिन्याला अडीच हजार. हप्ता आणि विमा वेगळा. पैसा असला तरी गळिताच्या दिवसांत, संध्याकाळी अंधारात, लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्यांच्या मागे अठरा वर्षांच्या मुलीला रोज गुहागर–विजापूर महामार्गावर पाठवायला आम्ही सांगणार नाही. पावसाळ्यात तर नाहीच.

या महिन्याचा पास संपायला किती दिवस उरले ते बघा, तोवर दोन आठवड्यांची नोंद मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना ठेवायला सांगा. अर्जाचा मसुदा प्रतिक्रियेतच टाका. फेरीचं नाव आणि वेळ बरोबर आहे का, तो कोणत्या आगाराला द्यायचा, हे आम्ही तपासून देऊ.