सोफ्याखालची शोधमोहीम

आमचा केर काढणारा रोबो गायब झाला की मी आधी सोफ्याखाली बघतो. तिथूनच त्याचा केविलवाणा आवाज येतो, "मी अडकलो आहे." मग मी पोटावर झोपायचं, हात खांद्यापर्यंत आत घालायचा आणि चाचपडत त्याला बाहेर ओढायचं. आठवड्यातून चारदा.

एकदा चिडून मोजपट्टीच काढली. रोबोचं अंग 8 सेंटिमीटर उंच, डोक्यावरच्या लेसरच्या टोपणासकट 9.6. सोफ्याखालची फट 10. म्हणजे जायला हरकत नाही. मग अडकतो का? बायको म्हणाली, "आता तू बस, मी मोजते." फट 9.2 भरली. पुढे ती काही बोलली नाही, मोजपट्टी गुंडाळून हातात दिली.

ॲपमध्ये नकाशावर लाल रेघ ओढली की रोबो पलीकडे जात नाही. पण आमचा सोफा रोज थोडा थोडा सरकतो आणि रेघ बिचारी जागच्या जागी.

तेव्हा ठरवलं, घरीच आडोसा करायचा. पहिला पुठ्ठ्याचा. रोबोच्या पुढच्या अंगाला स्प्रिंगचा बंपर असतो. तो दाबला गेला की त्याला अडथळा कळतो. आमचा पुठ्ठा इतका मऊ निघाला की बंपर दाबलाच गेला नाही. रोबो पुठ्ठा ढकलत, नवरदेवाच्या थाटात आत गेला, आणि आता दोघांना बाहेर काढायचं होतं.

दुसऱ्या खेपेला पाण्याने भरलेल्या बाटल्या आडव्या ठेवल्या. बाटल्या गोल असतात, हे लहानपणी शिकलेलं त्या दिवशी पुन्हा शिकलो.

तिसऱ्या खेपेला पाइपावर चढवायचा काळा फोम आणला. कटरने लांबीत कापला, फटीपेक्षा थोडा जाड ठेवला आणि बोटांनी दाबत दाबत कोंबला. डबल टेपच्या भरवशावर राहिलो नाही. तिचा एक तुकडा आधीच रोबोच्या ब्रशला गुंडाळून बसला होता आणि तो सोडवण्यात माझी अर्धी दुपार गेली होती. फोम मात्र घट्ट बसला. रोबो आला, टेकला, "टक्" आवाज झाला, मागे सरकून वळला. मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

तीन आठवडे घरात शांतता होती. मग बायकोने विचारलं, "आता सोफ्याखालचा केर कोण काढतं?"

फोम उपसला. आत धुळीचे गोळे, दोन पेन आणि मोजपट्टीचं टोपण. पोटावर झोपून लांब दांड्याचा झाडू आत घातला. तेवढ्यात मागून घरघर ऐकू आली. रोबो येऊन माझ्या तळपायाला हलकेच टेकला. टक्. मागे सरकला आणि वळून निघून गेला.